पारंपरिक म्हणजे कोण

चेअरमनच्या बायकोनं माझ्या पुढ्यातलं ताट उचललं तेव्हा माझ्या हातात दुसरा घास होता. पुरणपोळीचा. तुपात बुडवलेला.

ती वाकली, ताट उचललं आणि मोलकरणीला म्हणाली, "हे आत नेऊ नकोस. बाहेर नळापाशी ठेव." शेजारच्या पाटांवर दोन बायका जेवत होत्या. त्यांनी आपापली ताटं हळूच मागं ओढली. मी पाटावर तशीच बसून. हातातला घास खावा की ठेवावा, कळेना. ठेवावा तर कुठं? ताट तर गेलं होतं. मी तो मुठीत धरला. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

बाहेर मैदानात कर्ण्यावर गाणं लागलं होतं. माझंच. त्या दिवशी सकाळपासून ते तिसऱ्यांदा लागलं होतं.

ते साल त्र्याहत्तर. मी एकोणीस वर्षांची. श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यावर हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम होता. त्यानिमित्त माझा सत्कार आणि गाणी. सत्काराला बोलावलेल्या बाईचं ताट उचललं, ते का, हे सांगायचं तर आधी गाण्याचं सांगावं लागेल. आणि माझ्या बापाचं.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा. माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, आबा पुढं. लिहायला-वाचायला शून्य, पण गाणी रचायचा. चालता चालता रचायचा. मी सातवीपर्यंत शाळेत गेले. त्याला वाटायचं, पोरीनं आपली गाणी वहीत उतरवून घ्यावीत. मी टाळायचे. मला लाज वाटायची त्या गाण्यांची. शाळेतल्या कविता निराळ्या असायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात सगळा वाडा पाझर तलावाच्या कामावर गेला. बायका खडी फोडायला, पुरुष माती उपसायला. दुपारी खायला सुकडी मिळायची. उन्हानं बायका चक्कर येऊन पडायच्या. हात एका तालात चालले की दम कमी लागतो, हे आबाला ठाऊक. त्यानं एका सकाळी गाणं जुळवलं आणि मला म्हणाला, "तू म्हन. तुझा गळा लांब जातो."

घाव घालिते, दगुड फुटतो गं
माझ्या घामाचा पाट सुटतो गं

मी म्हणायचे, बायका झेलायच्या, आणि सगळे हातोडे एकदम पडायचे. आठ दिवसांत पलीकडच्या टोळीलाही ते पाठ झालं.

कामावरच्या ओव्हरसियरचा मेव्हणा एकदा तिथं आला होता. वसंतराव त्याचं नाव. नगरला त्याचा ऑर्केस्ट्रा होता आणि मुंबईत तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीत त्याची ऊठबस होती. त्यानं ते गाणं उभ्याउभ्या चार वेळा ऐकलं. मग आबाला बाजूला घेऊन बोलला. माणूस वाईट नव्हता. माझ्याशी कधी वावगा शब्द बोलला नाही, वावगं वागला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसानं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही मुंबईला गेलो. मी आणि आबा. आबानं हलगी नव्या फडक्यात बांधून घेतली होती. तिथं गादीसारख्या भिंतींची खोली. बासरी, ढोलकी, अकॉर्डियन घेऊन माणसं बसलेली. वसंतराव आबाला म्हणाले, "हलगी नको. तिचा आवाज माईकला झेपत नाही. तुम्ही जरा बाहेर बसा." आबा बाहेरच्या बाकावर बसला. दिवसभर बसला.

आत मला कागद दिला. चाल आमचीच होती. शब्द बदललेले.

चुडा वाजतो, पदर सुटतो गं
माझ्या मनात मोर उठतो गं

मी म्हटलं, "यात हातोडा न्हाई."

वसंतराव हसले. "लग्नात वाजायचंय हे. लग्नात कोण हातोडा आणतं?"

मी गायले. खोटं कशाला सांगू, गाताना मला चुड्याचे शब्दच जास्त आवडले. त्यात ऊन नव्हतं. माझ्या हातांना घट्टे पडलेले, आणि मी डोळे मिटून हिरवा चुडा बघत होते.

छोटी तबकडी निघाली. दोन बाजूंना दोन गाणी, पण लोकांनी एकच बाजू झिजवली. त्या उन्हाळ्यात लग्नं कमी होती, तरी जिथं मांडव तिथं ते गाणं. नगरच्या चहाच्या हॉटेलांत, जत्रेत, रेडिओवर. एसटीत बसले की पुढच्या बाकावरच्या पोरी तेच गुणगुणत असायच्या. मी खिडकीबाहेर बघत सुखानं हसायचे.

आमच्या वाड्यात तबकडी वाजवायचं यंत्र कुणाकडं असणार? आबानं गावातल्या स्पीकरवाल्याकडून तबकडी घटकाभर मागून आणली. दोन्ही हातांत ताटासारखी धरून आणली. दारात बसला. मधल्या गोल कागदावर बोट ठेवून म्हणाला, "हितं काय लिवलंय?"

"माझं नाव."

"वाच."

मी वाचलं. पहिलं नाव माझंच होतं. आडनाव एका मोठ्या घराण्याचं. कुठलं ते इथं लिहीत नाही, त्या घराण्याचा यात काही दोष नाही.

"हे आडनाव कुनाचं?"

"कंपनीनं दिलंय. गाण्यापुरतं."

आबा मग बोट खाली सरकवून म्हणाला, "आन गानं कुनी केलं, ते लिवलंय का?"

"लिवलंय. पारंपरिक."

"ह्यो कोन?"

मला हसू आलं. मी हसले. "आबा, तसं नाव नसतं. गाणं कुणी केलं ते ठाऊक नसलं की तसं लिहितात."

"मला इचारलं असतं तर सांगितलं असतं," आबा म्हणाला.

एवढंच. तबकडी फडक्यात गुंडाळून त्यानं परत नेऊन दिली.

त्या वर्षी मी नगरला वसंतरावांच्या लांबच्या बहिणीकडं राहायला लागले. कार्यक्रम यायला लागले होते. तिला माझं नवं आडनावच माहीत होतं. वसंतराव म्हणाले होते, "कुणी विचारलं तर नगरची म्हण. खोलात जाऊ नकोस." मी खोलात गेले नाही. नऊवारीच्या जागी पाचवारी आली. 'हाय'चं 'आहे' झालं. 'न्हाई' तोंडात आलं की मी जीभ चावायचे. गावी जाणं कमी झालं. आय निरोप पाठवायची, मी पुढच्या महिन्यावर ढकलायचे.

मग कारखान्याचं बोलावणं.

चेअरमनच्या बंगल्यावर आमची गाडी थांबली. बाईसाहेबांनी मला ओवाळलं. माजघरात नेलं. चार बायका भोवती जमल्या. एकीनं माझा हात हातात घेतला, सोडीचना. म्हणाली, "आमच्या सुनेच्या लग्नात तुमचंच गाणं लावलं होतं हो." बाईसाहेबांनी मला स्वतःच्या शेजारी पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. पहिली पोळी त्यांनी स्वतः वाढली.

मी पहिला घास घेतला तेवढ्यात मागच्या दारातून मोलकरीण आली. म्हणाली, "बाईसाहेब, एक वाजंत्री आलाय. गायनाच्या ताईंना भेटायचं म्हणतोय."

मिरवणुकीसाठी कारखान्यानं आजूबाजूच्या गावांतून हलगीवाले बोलावले होते. आमचं गाव आजूबाजूला नव्हतं, लांब होतं. मी येणार हे ऐकून आबा कुणाच्या तरी ताफ्यात सामील होऊन ट्रकनं आला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त दार दिसलं आणि दारात तो. डोक्याला पटका, खांद्याला हलगी, हातात फडक्याची पुरचुंडी. उंबऱ्याच्या दोन हात बाहेरच थांबलेला. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. कुठं थांबायचं ते त्याला पाठ होतं.

मला बघून त्याचं तोंड फुललं.

बाईसाहेबांनी मला विचारलं, "हा कोण गं?"

मी म्हटलं, "आमच्या गावचा वाजंत्री आहे."

किती सहज म्हटलं. आवाज कापला नाही. 'आहे' सुद्धा नीट आलं.

आबानं ते ऐकलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, जसं काय त्याला ते आवरायला सुचलं नाही. मग तो बाईसाहेबांना म्हणाला, "व्हय जी. गावचाच हाय मी. गावानं भाकरी दिलीया ताईसाठी." पुरचुंडी त्यानं पायरीवर ठेवली. हात जोडले. मला जोडले. बापानं लेकीला हात जोडले आणि तो मागं वळून गेला.

मी हलले नाही. पोळी मोडून दुसरा घास केला.

मोलकरीण तिथंच उभी होती. म्हातारी होती. तिचं माहेर आमच्या शेजारच्या गावचं, आबाला तिनं लहानपणापासून लग्नांत वाजवताना बघितलेलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट कौतुकानं म्हणाली, "गावचा कसला, बाप हाय की ह्यांचा. डोळं बघा की, तेच हायेत."



"कोणाचा बाप?" बाईसाहेबांनी विचारलं.

"ह्यांचा. मांगवाड्यातला त्यो."

पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

मी उठले. नळापाशी गेले. त्याच मोलकरणीनं वरून पाणी ओतलं. ती रडत होती. "मला काय ठावं, बाई," म्हणत होती. माझं उष्टं ताट नळाशेजारी मातीत होतं आणि पायरीवर आबाची पुरचुंडी. एक कुत्रं दोन्हीकडं बघत उभं होतं.

व्हरांड्यात चेअरमन आणि वसंतराव बोलत होते. चेअरमन रागावलेले नव्हते. हिशेबी माणूस. म्हणाले, "झालं ते झालं. मैदान भरलंय. गाऊ द्या तिला. सत्कार तेवढा माझ्या हातून नको, मॅनेजरच्या हातून करू. आणि याची वाच्यता नको."

वसंतराव मला म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. आवाज सांभाळ."

तुम्हाला वाटेल मी तिथं काही बोलले असेन. नाही बोलले. मी गायले. त्याच मंचावर, त्याच आडनावानं, चुड्याचेच शब्द. हार मॅनेजरनं लांबून घातला, तो खांद्यावर अडकला, मी तो स्वतः नीट केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाच्या कडेला हलगीवाल्यांची रांग होती. गाणं सुरू झालं तसे ते ताल धरायला लागले. त्यांना कुठं माहीत होतं ते कुणाचं गाणं आहे. आबा रांगेत होता. त्याची हलगी खाली लोंबत होती. तो वाजवत नव्हता. ऐकत होता, की काहीच ऐकत नव्हता, मला सांगता येणार नाही. गाणं संपेपर्यंत मी तिकडं पुन्हा बघितलं नाही. संपल्यावर बघितलं तर हलगीवाले ट्रककडं निघाले होते आणि सगळ्यांच्या पाठी सारख्याच दिसत होत्या.

चार दिवसांनी मी गावी गेले. आबा घरी नव्हता. आयनं मला जवळ घेतलं. पहिलंच विचारलं, "भाकरी खाल्लीस का गं? शेंगदान्याची चटनी दिली हुती, तुला आवडती तशी."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आबांनी सांगितलं मला," आय म्हणाली. "म्हनले, लई आवडीनं खाल्ली पोरीनं. सगळ्यांच्या देखत. म्हनले, बाईसाहेबांनी आपल्यालाबी पानी इचारलं."

मी म्हटलं, "व्हय. खाल्ली."

आयला ते शेवटपर्यंत खरं वाटत होतं. ती जाईपर्यंत मी तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी आबा आला. चूल पेटलेली होती. हलगीचं कातडं जाळावर शेकत तो बसला. मी जवळ गेले. म्हटलं, "आबा, त्या दिशी मी..."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

मारलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो कातड्यावर बोट मारून आवाज बघत राहिला. मी बसून राहिले. ताट उचललं त्याचं मला आतापर्यंत फार लागलं होतं. चार दिवस मी तेच आठवून रडत होते. त्या चुलीपाशी मला पहिल्यांदा नीट दिसलं, की बाईसाहेबांनी जे माझ्याशी केलं ते मी त्यांच्या आधी माझ्या बापाशी केलं होतं. त्यांच्याच पाटावर बसून. त्यांनी ताट उचललं, मी माणूस उचलून बाहेर ठेवला. आणि मला हे कुणी करायला लावलं नव्हतं. एका आडनावानं सुरुवात झाली, मी 'गाण्यापुरतं' म्हणाले, आणि ते गाण्यापुरतं राहिलं नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या तबकडीचं बोलावणं आलं. गाणं आबाचंच. जत्रेतलं, मी वसंतरावांना पूर्वी कधीतरी म्हणून दाखवलेलं. मी मुंबईला गेले. एकटी. कंपनीच्या साहेबानं चहा मागवला. कागद पुढं केला. वर तेच आडनाव. खाली तेच पारंपरिक.

मी म्हटलं, "हे नाव माझं नाही. माझं आडनाव घाला. आणि गाणं माझ्या वडिलांनी केलंय. त्यांचं नाव घाला."

साहेब वसंतरावांकडं बघायला लागला. वसंतराव म्हणाले, "अगं, पहिल्या तबकडीवर छापून झालंय ना."

"ही दुसरी आहे. हिच्यावर अजून काहीच छापलेलं नाही."

साहेब समजुतीनं बोलला. "नावानं काय फरक पडतो, बाई? आवाज तर तुमचाच आहे."

"फरक पडत नसेल तर माझंच घाला."

तो हसला. मग त्यानं खरं ते सांगितलं. "त्या आडनावाची तबकडी लग्नाच्या मांडवात कोण लावणार?"

मी चहा तसाच ठेवला. उठले. वसंतराव जिन्यापर्यंत मागं आले. म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. एवढा गळा पुन्हा खडीवर घालवशील." मी म्हटलं, "तुम्ही मला खडीवरच ऐकलं होतं." आणि खाली उतरले.

त्यानंतर माझी तबकडी निघाली नाही. एकही. जत्रेतलं ते गाणं त्यांनी दुसऱ्या मुलीकडून गाऊन घेतलं. तेही चाललं. त्यावरही पारंपरिकच छापलं. ती मुलगी कुठल्या वाड्यातली होती आणि तिचं खरं आडनाव काय होतं, मला ठाऊक नाही. कधीकधी तिचा विचार येतो.

आबाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस का वाईट, मला न्हाई कळत. आता खानार काय, त्याचं बग." मी कामाला लागले. रोजगार हमीवर गेले, पुढं नगरला एका शाळेत शिपाई म्हणून लागले. आबा त्या साखर कारखान्यानंतर तीन वर्षं जगला. हलगी वाजवली, पण नवं गाणं एकही रचलं नाही. मी वही घेऊन बसायचे. म्हणायचे, सांगा, मी लिहून घेते. तो म्हणायचा, "आता आठवत न्हाई." त्यानं मला माफ केलं का? मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. तो गेला तेव्हा वहीत अकरा गाणी होती, सगळी मी माझ्या आठवणीतून लिहिलेली. बाकीची त्याच्याबरोबर गेली. कितीतरी होती.

आबाच्या वर्षश्राद्धानंतर नगरला एका सभागृहात लोकगीतांचा कार्यक्रम होता. कुणालातरी माझी आठवण झाली. मंचामागं आयोजक म्हणाला, "नुसतं पहिलं नाव सांगा. लोक जुन्या गाण्यावरून ओळखतीलच."

मी माईकपुढं गेले. माझं नाव सांगितलं, आडनावासकट. आबाचं नाव सांगितलं, गाणी त्याची आहेत म्हणून सांगितलं. गाव सांगितलं. मांगवाडा सांगितला. पुढच्या रांगेतून एक कुटुंब उठलं. मग मागून दोघं-तिघं. फार नव्हते. खुर्च्या सरकल्याचा आवाज होत राहिला. वाजवणाऱ्यांनी सुरुवात करायला माझ्याकडं बघितलं. मी हातानं थांबवलं. शेवटचा माणूस दाराबाहेर जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

आजही मला कुणी बोलावलं तर मी हेच करते. आधी नाव, मग बापाचं नाव, मग वाडा. ज्याला उठायचं त्यानं तेव्हाच उठावं. त्याला मी पुरेसा वेळ देते. गाणं सुरू झाल्यावर मात्र मी कुणासाठी थांबत नाही, आणि त्यातला एक शब्द बदलत नाही.